मुळांची हाक कोण ऐकतं?

महाड-पोलादपूरकरांना अमरवेल सांगायला नको. कुंपणावरच्या त्या पिवळ्या शेवया सगळ्यांच्या पाहण्यातल्या. बंबाखू मात्र निपाणीकडच्या तंबाखूवाल्यांना जास्त ठाऊक. वांगी-टोमॅटोच्या बुंध्याशी हिरवेपणाचा लवलेश नसलेला तुरा वर येतो, तोवर खाली मुळाला डसून त्याची पंगत कधीच उठलेली असते. (हशा) हसू नका, घाटावरच्या रोपांच्या मातीतून हे बी इकडे उतरायला एक वरंध घाट पुरतो. खुरपं इथे उशिराच पोहोचणार. म्हणून माझा हट्ट असा, की ही लढाई तण दिसण्याआधी, गादीवाफ्यावर, बुरशीला हाताशी धरून लढायची.

बंबाखूचं बी धुळीसारखं बारीक. एकेक झाड ते हजारोंनी सांडतं आणि ते वर्षानुवर्षं मातीत निजून राहतं. त्याला जाग येते ती जवळच्या मुळातून स्ट्रायगोलॅक्टोन गटातली द्रव्यं पाझरली की. 1966 साली असं पहिलं द्रव्य कापसाच्या मुळांच्या स्रावात सापडलं, आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं कोडं उरलं: झाड आपल्याच वैऱ्याला आवतण का धाडतं? 2005 मध्ये जपानी संशोधकांनी ते सोडवलं. आवतण होतं मायकोरायझा या बुरशीला. स्फुरद कमी पडला की मूळ तिला हाक मारतं. ती आपल्या तंतूंनी लांबचा स्फुरद आणून देते, झाड तिला साखर देतं. बंबाखू नुसता भिंतीला कान लावून बसलेला. बुरशी मुळात नांदायला लागली की हाक मंदावते, आणि चोराला पत्ता लागणं अवघड होतं.

कोणी म्हणेल, मग सुपर फॉस्फेटच टाकू की! टाका, पण आपल्या तांबड्या जांभा मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम त्यातला बराचसा स्फुरद बांधून ठेवतं. शिवाय भाताच्या चिखलात, साचलेल्या पाण्यात ही बुरशी रोडावते, आणि त्याच खाचरात आपण पुढे वांगी लावतो.

चिठ्ठी आली आहे, आवरतो. ही बुरशी कोबी, फ्लॉवर, मुळा यांच्या मुळांत नांदत नाही. अमरवेलीपुढेही तिचा उपाय नाही, कारण ती वेल यजमानाला वासावरून शोधते. तिच्यासाठी चीनने 1963 पासून सोयाबीनमध्ये करप्याच्या जातीची बुरशी फवारली. बंबाखूवर फ्युजेरियमचे प्रयोग झाले आहेत. ‘फ्युजेरियम म्हणजे मर!’ ही समोरची धास्ती रास्त आहे. त्याचे प्रकार आपापलं यजमान धरून असतात, तरी आपल्या पिकांवर तपासल्याशिवाय कुणी बाटली विकत आणू नये. आणि ट्रायकोडर्मा हा बुरशी खाणारा. तणावर त्याचा भरवसा धरू नका.

येत्या रब्बीला वांग्याचे दोन वाफे करा, एकात मायकोरायझा मिसळा, दुसऱ्यात नको. जिथे बंबाखू निघालाय, तिथेच दोन्हींची रोपं शेजारी लावा, तुरे मोजा आणि बी धरायच्या आत उपटून जाळा.