टाकाऊ कशास म्हणावे?



आपल्या आज्या रिठ्याच्या फेसाने रेशीम धूत असत. तसाच मळ सोडविणारा पदार्थ सूक्ष्म जंतूही निर्माण करतात. १९६८ साली जपानी संशोधकांनी ‘बॅसिलस सबटिलिस’ या जंतूपासून मिळविलेले ‘सर्फॅक्टिन’ पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे ७२ मिलिन्यूटनांवरून २७ पर्यंत उतरविते. हे जंतू उसाच्या मळीवर, तसेच बटाट्याच्या कारखान्यांतील पिठूळ सांडपाण्यावरही वाढतात. परंतु मळीस मद्यार्काचे कारखाने गिऱ्हाईक आहेत, आणि पेंड तर गुरांच्या तोंडचा घास! सांडपाण्यास मात्र कोणी धनी नाही. आमच्या मते खरे टाकाऊ तेच. शुद्धीकरणाचा खर्च अद्यापि जड आहे. तो हलका करण्याची विद्या आपल्या मुलामुलींनी संपादन करावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.