काडतूस हाही यंत्राचाच एक भाग
(अमेरिकेतील एका नेमबाजी मंडळाच्या नव्या सभासदांपुढे दिलेले व्याख्यान)



घरी भरलेले काडतूस पिस्तुलात अडले की आपण पहिला दोष पिस्तुलाला देतो. तो बहुधा अन्यायाचा असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस उडाले की त्याचे काम संपते, कारण पुढचे घर नळीसमोर आणण्याचे काम नेमबाजाचे बोट करते. स्वयंभरण पिस्तुलात मात्र हेच श्रम काडतुसाला करावे लागतात. उडालेल्या काडतुसाच्या धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, घोडा चढतो आणि परतणारी स्लाइड मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत ढकलते. म्हणजे काडतूस हाही यंत्राचाच एक भाग आहे, आणि तो कारखान्याने नव्हे, आपण घडवलेला आहे. म्हणून प्रथम कारखान्यात भरलेली चांगली काडतुसे त्याच पिस्तुलातून उडवून पाहावी. ती विनातक्रार चालली, तर दोष आपल्या मेजावर शोधावा.

जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले आणि १९११ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेले .४५ चे पिस्तूल उदाहरणादाखल घेऊ. स्लाइड पूर्ण मिटत नाही, केसभर उघडी राहते, ही त्यातली नेहमीची तक्रार. अशा वेळी पिस्तूल रिकामे करून नळी काढून घ्यावी आणि काडतूस तिच्यात सोडावे. ते स्वतःच्या वजनाने टक्‌ असा आवाज करून बसले पाहिजे आणि नळी उलटी करताच घरंगळून बाहेर आले पाहिजे. तसे न झाल्यास काडतुसाला काळी शाई फासून पुन्हा बसवावे. तोंडाशी शाई खरवडली, तर गोळी बसवताना रुंदावलेले तोंड पुरते आवळलेले नाही. गोळीवर ओरखडा आला, तर काडतूस त्या नळीला लांब होते आहे. बुडाशी आला, तर पुंगळी नीट मापात आलेली नाही. या काडतुसाची कमाल लांबी १.२७५ इंच ठरलेली आहे; परंतु गोळीचा आकार बदलला की त्याहून कमी लांबीही नळीला जाचू शकते. तोंड आवळण्यातही अतिरेक नको, कारण हे काडतूस नळीत तोंडाच्या कडेवरच टेकते. उलट गोळी सैल राहिली, तर नळीत शिरताना ती आत दबते आणि दाब धोकादायक रीतीने वाढतो.

दुसरी तक्रार अशी, की रिकामी पुंगळी स्लाइडच्या फटीत उभी अडकते. दारू कमी पडली असेल, स्प्रिंग जड असेल किंवा मनगट ढिले असेल. येथे अंदाजाने दारू वाढवू नये. प्रसिद्ध कोष्टकाची मर्यादा ओलांडू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, दहाच काडतुसे भरावी, आणि जे घडेल ते वहीत टिपावे. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्याला दोष कदाचित जातो, पण कारण कधीच कळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. माझ्या उमेदवारीच्या काळात एकदा चाप ओढल्यावर नेहमीच्या धडाक्याऐवजी फुसका आवाज झाला आणि स्लाइड जागची हलली नाही. अडले की स्लाइड ओढून पुढे चालायचे, ही हाताला लागलेली सवय. माझा हात स्लाइडकडे गेलाही होता. शेजारचे एक वृद्ध नेमबाज ओरडले, “थांब!” पिस्तूल रिकामे करून नळी पाहिली, तेव्हा पलीकडचा उजेड दिसेना. त्या पुंगळीत दारू घालायची मी विसरलो होतो. नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत जाऊन रुतली होती. तिच्यामागून दुसरी गोळी सुटली असती, तर नळी फाटली असती आणि कदाचित माझे बोटही गेले असते.

त्या दिवसापासून गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत मी दिव्याखाली डोकावून पाहतो. रिकामी पुंगळी जितकी घातक, तितकीच दुप्पट दारूची. आणि आवाज निराळा वाटला, की मी थांबतो. इतर दोष आपला वेळ घेतात. हा एक दोष दुसरी संधी देत नाही. यंत्र बिघडते तेव्हा ते काहीतरी सांगत असते. ते ऐकून घेण्याइतका धीर हेच या छंदातले पहिले हत्यार होय.