हातातील खेळ, त्याची नक्कल आणि आपली जबाबदारी

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



सांगलीत १८९८ साली जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ आणि लहान मुलाच्या हातातील व्हिडिओ खेळ यांत वरवर पाहता काहीच साम्य दिसत नाही. परंतु १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या, म्हणजेच कॉपीराइट कायद्याच्या, दृष्टीने कादंबरी आणि खेळामागील संगणकीय प्रोग्रॅम या दोन्ही साहित्यकृतीच होत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. खांडेकर १९७६ साली निवर्तले. म्हणून ‘ययाति’वरील हक्क २०३६ अखेरपर्यंत अबाधित आहे. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले; त्यांच्या साहित्यावरील हक्क २०२९ अखेर संपेल. तोपर्यंत त्यांच्या पुस्तकांची चोरटी प्रत छापणे आणि खेळाची चोरटी प्रत विकणे हे एकाच जातीचे गुन्हे ठरतात.

खेळांच्या नकलेचा इतिहास बोधप्रद आहे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८९ साली ‘गेम बॉय’ हे हातात मावणारे यंत्र बाजारात आणले. त्याचा प्रत्येक खेळ वेगळ्या कार्ट्रिजमध्ये असे. त्याची नक्कल करावयाची तर चिप आणि कारखाना लागे. २००४ साली त्याच कंपनीचे ‘डीएस’ हे यंत्र आले आणि पुढे ‘आर-फोर’ नावाचे कार्ड निघाले. इंटरनेटवरून उतरविलेले अनेक खेळ त्या एका कार्डावर मावू लागले आणि नक्कल घरबसल्या होऊ लागली. फेब्रुवारी २००९ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने जपानमध्ये या कार्डाच्या विक्रीस मनाई केली.

तरीही ‘डीएस’ यंत्रे जगभर पंधरा कोटींहून अधिक खपली. यावरून नकलेने काही बिघडत नाही, असा निष्कर्ष कोणी काढील. तो घाईचा ठरेल. खेळ फुकट मिळतो म्हणून यंत्र घेणारेही असतात. त्यामुळे यंत्राच्या विक्रीला नक्कल मारक ठरतेच असे नाही. परंतु खेळ रचणाऱ्याचे उत्पन्न यंत्रातून येत नाही. ते विकलेल्या प्रतीतूनच येते. उलट, प्रत्येक नकली प्रत म्हणजे एक बुडालेली विक्री, हे समीकरणही खरे नव्हे. ज्या मुलाला मूळ खेळ परवडलाच नसता, तो मुळात ग्राहकच नव्हता. प्रश्न आहे तो विकत घेऊ शकत असूनही नकलेकडे वळणाऱ्यांचा.

एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, दोन तरुणांनी पाच लाख रुपये खर्चून शंभर रुपयांचा एक मराठी खेळ तयार केला. पाच हजार प्रती खपल्या तर खर्च भरून निघतो. सात हजार लोक घेण्यास तयार होते. पण त्यांतील तीन हजारांनी चोरटी प्रत घेतली. विक्री चार हजारांची झाली आणि एक लाखाचा तोटा आला. मोठ्या कंपनीचा अशाने नफा घटतो. या तरुणांच्या हातून दुसरा खेळ निर्माणच होत नाही. कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून वा सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून बाहेर पडणारे विद्यार्थी उद्या असा उद्योग मांडू शकतील. म्हणून हा केवळ परदेशी कंपन्यांचा प्रश्न नाही.

याचा आणखी एक परिणाम घरोघर दिसतो. प्रत विकून भागत नाही, तेव्हा निर्माता खेळ फुकट देतो आणि जाहिराती व खेळातील खरेदी यांतून पैसा मिळवितो. यामागे इतरही कारणे आहेत. परंतु नक्कल हे त्यांतील एक होय. आज मोबाइलवर मुलाला पुन्हा पुन्हा पैसे भरण्याचा मोह पाडणारे खेळ या व्यवहारातूनच वाढले आहेत. शिवाय अनधिकृत ठिकाणाहून उतरविलेल्या खेळातून हानिकारक प्रोग्रॅम मोबाइलमध्ये शिरण्याचा धोका असतो. त्याच मोबाइलवर कुटुंबाचे बँक व्यवहार चालतात, हे विसरून चालणार नाही.

कायदा पुरेसा कडक आहे. स्वामित्वहक्काच्या भंगासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी तरतूद आहे. चोरट्या प्रती जप्त करण्याचा अधिकार उपनिरीक्षक व त्यावरील पोलीस अधिकाऱ्यांना आहे. प्रोग्रॅमची नकली प्रत जाणूनबुजून वापरणे हाही गुन्हा असल्याने शाळा व कार्यालये यांनी सावध राहिले पाहिजे. महाराष्ट्राने तर २००९ साली आपल्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ चाच्यांचाही समावेश केला.

मात्र केवळ धाकाने हे काम होणार नाही. अधिकृत वस्तू सहज आणि परवडणाऱ्या किमतीत मिळाली, तर नकलेची ओढ आपोआप कमी होते. याचे उत्तम उदाहरण आपल्याच भागात आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली वाई येथे सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य वाचता येतो. ज्ञान मोफत देण्याचा हा रीतसर मार्ग आहे. येथे देणाऱ्याने स्वखुशीने दिले आहे. दुसऱ्याचे श्रम परस्पर वाटून टाकणे याला औदार्य म्हणता येणार नाही.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. शिक्षकांनी संगणक कक्षात परवान्याचे वा लिनक्ससारखे मुक्त प्रोग्रॅमच वापरावेत आणि हा फरक मुलांना समजावून सांगावा. पंचायतींनी ग्रंथालयासाठी पुस्तके प्रकाशकाकडून वा खात्रीच्या विक्रेत्याकडूनच पावतीसह घ्यावीत. अधिकाऱ्यांनी तक्रार क्षुल्लक मानून परत पाठवू नये. शेतकऱ्याच्या मळ्यातील ऊस कोणी परस्पर तोडून नेला, तर सारा गाव धावून जातो. बुद्धीच्या मळ्यातील पिकालाही तेवढेच संरक्षण मिळाले पाहिजे. कारण त्यावर उद्या आपल्याच मुलांची उपजीविका अवलंबून राहणार आहे.