रोपाआधी करार
(भिवापूर येथील बैठकीतील भाषण)



सर्पगंधेच्या गुणाविषयी आमचा वाद नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली या मुळीचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला. मागणी वाढली, जंगलातली झुडपे उपटली गेली. म्हणून लागवड हवीच.

पण हिला सावली आणि ओल लागते. काळ्या रानात पाणी साचले की मूळ कुजते. बी कमी उगवते. मूळ काढायला दीड ते तीन वर्षे. तोवर घर कशावर चालवायचे? म्हणून कपाशी-ज्वारी मोडू नका. विहिरीजवळ, झाडाखाली, निचऱ्याच्या जागी दोन-चार ओळी लावून पाहा.

रोप विकणारा मुळी विकत घेईलच असे नाही. वाळल्या मुळीचा भाव, वजन, खरेदीची मुदत आधी कागदावर घ्या. मग रोपांचे पैसे मोजा. मिरची पिकवणाऱ्या भिवापूरला हे वेगळे सांगायला नको. सातबाऱ्यावर पेरा नोंदवा. माल जंगलातला नाही, हे दाखवता आले पाहिजे.

आणि मुळी घरी उगाळून घेऊ नका. रक्तदाब फार उतरतो, मन खचते. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

पीक आपले, तर करारही आपल्या अटींवर!