तारामासा घरी आणायचाय? आधी हे ऐका

लोकलच्या गर्दीत कानात इअरफोन घालायलाही हात वर होत नाही, अशा सगळ्यांसाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं, म्हणजे काय ना" तेवढे काढलेत.

खाऱ्या पाण्याच्या टाकीवर बोललो तेव्हापासून एकच प्रश्न सगळ्यात जास्त आलाय : "दादा, टाकीत तारामासा ठेवू का?" मी मानपाड्याचा, म्हणजे ठाण्यातल्या. डोंबिवलीच्या मानपाड्यातूनही मेसेज आलेत, तुमचंही स्वागत. दोन्हीकडची परिस्थिती तशी सारखीच. एप्रिल-मेमध्ये घामाच्या धारा आणि अधूनमधून जाणारी लाइट. तारामाशाच्या जिवावर उठणाऱ्या यादीत या दोन्ही गोष्टी आहेत, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं.

पहिली गोष्ट, तारामासा हा मासा नाही. तो समुद्रकाकडी आणि समुद्री अर्चिनचा भाऊबंद. त्याला मेंदू नाही, आपल्यासारखं रक्तही नाही. अंगात बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि त्यातून जवळपास समुद्राचंच पाणी फिरतं. खालच्या बाजूला शेकडो छोटे नळीसारखे पाय असतात, ते याच पाण्याच्या दाबावर हलतात. आता यातला मुद्दा बघा. माशाची मूत्रपिंडं आणि कल्ले अंगातलं मीठ सांभाळतात. तारामाशाकडे ती सोयच नाही. बाहेरचं पाणी जितकं खारट, तितकं आतलं. पाण्यातला बदल थेट त्याच्या शरीरात होतो.

म्हणून खारटपणा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आपल्याला टाकीत तेच हवं. रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ च्या आसपास. आता साधं गणित करू. समजा १०० लिटरची टाकी आहे आणि उन्हाळ्यात रोज २ लिटर पाणी उडून जातंय. पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. पाच दिवस तुम्ही गावाला गेलात, तर ९० लिटर पाण्यात तेवढंच मीठ. म्हणजे ३५ चे जवळपास ३९ झाले. मासा कदाचित हे सोसेल, तारामाशाला जड जाईल. परत आल्यावर घाईघाईत १० लिटर गोडं पाणी एकदम ओतलंत, तर दुसरा धक्का. त्यामुळे उडालेलं पाणी रोजच्या रोज भरायचं आणि ते गोडं भरायचं, खारं नाही. घरात कुणी नसेल तर ऑटो टॉप-अप लावा किंवा शेजारच्या काकूंना बाटलीवर खूण करून द्या.

पाणी कुठलं? नळाचं थेट नको, त्यात क्लोरीन असतं. "ठाण्याची खाडी जवळच आहे, तिथून आणू का?" असंही एकाने विचारलंय. नको रे बाबा. खाडीत नदीनाल्यांचं पाणी मिसळतं, खारटपणा भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो आणि शहराचं सांडपाणी वेगळंच. आरओचं पाणी आणि मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ, हाच सरळ रस्ता. पण इथे एक खाचखळगा आहे. हल्ली बऱ्याच घरांत "कॉपर"वाला आरओ असतो. आपल्यासाठी ते चांगलं असेल-नसेल, तारामाशासाठी तांबं म्हणजे विष. कोळंबी, शंख, तारामासे यांना अगदी थोडं तांबंही चालत नाही. तेव्हा तुमच्या मशीनमध्ये कॉपरचा फिल्टर असेल, तर ते पाणी टाकीत घालू नका. तांब्याच्या कळशीत भरून ठेवलेलंही नको. आणि माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर मिळणाऱ्या अनेक औषधांत तांबं असतं. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढा आणि औषध तिथे द्या.

आता तापमान. २४ ते २६ अंश ठेवायचं. मे महिन्यात आपल्याकडे बंद खोलीतली टाकी तिशीच्या वर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणजे जिवाला दुहेरी त्रास. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण ते हवा कोरडी असताना. जून-जुलैच्या दमट हवेत पंख्याचा फारसा उपयोग नाही. तिथे चिलर लागतो, नाहीतर एसीची खोली. हा खर्च झेपणार नसेल तर इथेच थांबा, त्यात कमीपणा काही नाही. लाइट जाते त्यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवा. एलईडी चार तास बंद राहिला तरी चालतो, पाणी हलायचं थांबलं की चालत नाही.

टाकी किती जुनी हवी? अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार-सहा आठवडे लागतात, त्यावर मासे येतात. तारामाशासाठी मात्र किमान सहा महिने, वर्ष झालं तर उत्तम. घरी आणल्यावर पिशवी फोडून सरळ सोडायचं नाही. बादलीत पिशवीचं पाणी घ्या, बारीक नळीला गाठ मारा आणि टाकीचं पाणी थेंब थेंब सोडा. दोन-तीन तास लागू देत. बादलीतून टाकीत नेतानाही त्याला पाण्याबाहेर काढू नका, भांड्यात घेऊन पाण्याखालीच हलवा.

आता खरा प्रश्न, तो खातो काय? दुकानात हमखास एक वाक्य ऐकू येतं : "काही लागत नाही, काच साफ करत बसतो." इथेच बहुतेक तारामासे मरतात, आणि तेही लगेच नाही.

आमच्या सोसायटीतला सातवीतला एक मुलगा, त्याच्याकडे ६० लिटरची टाकी. त्याला वाढदिवसाला निळा लिंकिया हवा होता. दिसायला अप्रतिम, शंकाच नाही. पण लिंकिया दगडावरचा सूक्ष्म जीवांचा पातळ थर खरवडून खातो. ६० लिटरच्या टाकीत तो थर काही आठवड्यांत संपतो. वाळू चाळणारा ॲस्ट्रोपेक्टेनही तसाच. वाळूतले बारीक जीव संपवतो आणि मग वाळूखाली उपाशी राहतो. गंमत म्हणजे त्याचे पाय टोकदार असतात, त्यांना चिकटणारी चकतीच नसते. तो काचेवर चढणार कसा आणि साफ काय करणार!

उपाशी तारामासा ओरडत नाही, तडफडत नाही. तो स्वतःचंच शरीर आतून वापरत राहतो आणि बारीक होत जातो. पाच-सहा महिने "मस्त चाललंय" असं वाटतं, आणि एक दिवस हाताच्या टोकापासून तो विरघळायला लागतो. त्या मुलाला मी हे असंच सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग तो सहा महिने मरतच असतो का?" मला याहून नेमकं वाक्य सुचलेलं नाही.

मग ठेवायचा कुठला? त्यातल्या त्यात काटक म्हणजे ब्रिटल स्टार, तो उरलंसुरलं खाऊन जगतो. तारामाशाचा चुलत भाऊ म्हणा. हिरवा ब्रिटल स्टार मात्र टाळा, तो मोठा झाला की छोटे मासेही पकडतो. दुसरा चॉकलेट चिप. याला हाताने भरवता येतं. कोळंबी, तिसऱ्या किंवा माकूल, नखाएवढा तुकडा, आठवड्यातून दोन-तीनदा. बाजारातून आणलेलं कच्चं आणि धुतलेलं, हळद-मीठ लावलेलं नाही! तुकडा त्याच्या हाताखाली सरकवा, तोंड खालच्या बाजूला मधोमध असतं. तो पोट बाहेर काढून खातो, घाबरू नका. पण हा ३० सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतो, आणि शंख-शिंपले, स्पंज असं जे हळू आहे ते सगळं खातो. त्याला ३०० लिटरच्या खाली ठेवू नये.

तब्येत कशी ओळखायची? मी डॅशबोर्ड बघणारा माणूस, त्यामुळे माझा उपाय तसाच आहे. दर रविवारी, काचेवर चिकटवलेल्या पट्टीशेजारी तो आला की फोटो काढा. हाताची लांबी लिहून ठेवा. चार आठवडे लांबी घटत असेल तर तो उपाशी आहे, बाकी कितीही छान दिसो. उलटा पडला तर निरोगी तारामासा काही मिनिटांत स्वतः वळतो. अंग मऊ लोंबणं, पांढरे चट्टे, हाताची टोकं वर वळणं, ही धोक्याची चिन्हं. असं दिसलं की लगेच वेगळा काढा, कारण मेलेला तारामासा टाकीत सडला तर अमोनिया वाढून बाकीचेही जातात. नुसता हात तुटला असेल तर आशा सोडू नका. पाणी चांगलं असेल तर तो परत येतो.

हे जीव किती नाजूक, याचं मोठं उदाहरण उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर घडलं. २०१३ पासून तिथे अब्जावधी तारामासे विरघळून मेले. कारण शोधायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी सूर्यफूल तारामाशांमधल्या या रोगामागचा जिवाणू दाखवला, व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा. अख्ख्या समुद्राची ही कथा, मग आपल्या काचेच्या खोक्याचं काय!

अजून एक. बाजारात येणारे जवळपास सगळे तारामासे समुद्रातून पकडलेले असतात. आणि टाकी सजवायला खरं प्रवाळ घेऊ नका. प्रवाळ आणि समुद्रकाकडी आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सिरॅमिकचे दगड छान मिळतात.

आणि तारामासा फक्त बघायचाच असेल, तर मुंबईचा किनारा आहे की! मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट २०१७ पासून ओहोटीच्या वेळी किनारा दाखवायला नेतो. वाळूतला तारामासा आपल्या मुंबईतही सापडतो. उचलायचा नाही, घरी आणायचा नाही, गुडघ्यावर बसून बघायचा. सातवीतल्या त्या पोराने वाढदिवसाला लिंकियाऐवजी हीच फेरी मागितली आणि टाकीत दोन क्लाउनफिश ठेवलेत. ते मजेत आहेत.

तुमच्याकडे आधीच तारामासा असेल, तर या रविवारपासून मोजायला लागा आणि आकडे मला पाठवा. पुढच्या भागात मीठ मोजायची साधनं, स्वस्तातली कुठली चालतात ते बघू. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूच!