कोंबडी चार आण्याची, मसाला बारा आण्याचा

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीला आम्ही तिघे भाऊ ज्या गाडीतून आलो, ती बाहेर लिंबाखाली उभी होती. आत बैठक चालू आणि निम्मी पोरे गाडीभोवती. केवढ्याला पडली म्हणून विचारले, आम्ही आकडा सांगितला : दोन लाख दहा हजार. एका पोराने लगेच मोबाइल पुढे केला. "काका, दिल्लीत याच भावात हिच्यापेक्षा नवी मिळते. कापूस विकला की घेतो." ते ऐकून कार्यकर्त्यांनी आम्हाला बजावले, पुढच्या बैठकीत या गाडीचा पुरता हिशेब मांडा. तो मांडायला उभे आहोत.

गाडी मर्सिडीज आहे. 1996 सालची, डिझेलवर चालणारी. ती परदेशातून आलेली नाही. या कंपनीने 1994 मध्ये आपल्या देशात बस्तान बसवले आणि 1995 पासून पिंपरी-चिंचवडला टेल्कोच्या आवारात गाड्या जोडायला सुरुवात केली. आमची त्यातलीच एक. त्या काळी तिची किंमत वीस लाखांच्या वर होती. आमच्या वडिलांनी तसली गाडी पहिल्यांदा पाहिली ती एका जिनवाल्याच्या दारात. कापसाची बैलगाडी घेऊन रांगेत उभे होते. घरी येऊन सांगत, दार लावले की आवाज कसा येतो, तिजोरी बंद झाल्यासारखा. तो आवाज आम्हा भावांच्या डोक्यात बसला. 2019 मध्ये तसली गाडी सव्वादोन लाखांच्या आत मिळते म्हटल्यावर आम्ही मागचापुढचा विचार केला नाही. वडील तोवर गेले होते.

शेतकऱ्याने चांगल्या गाडीत बसू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बसावे, ऐटीत बसावे. पण बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, मागच्या धन्याने का विकला याची चार गावांत चौकशी करतो. ही गाडी घेताना आम्ही फक्त रंग पाहिला आणि दाराचा आवाज ऐकला.

वीस लाखांची वस्तू दोन लाखांत का मिळते, हा पहिला प्रश्न. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. गाडी दोन लाखांची झाली तरी तिचा ब्रेक, तिची काच, तिचा पंप वीस लाखांच्या गाडीचाच राहतो. पहिला धनी वीस वर्षांचा घसारा खाऊन मोकळा होतो. दुरुस्ती तो आपल्यासाठी ठेवून जातो.

आता वही उघडतो. पहिल्या वर्षाचा खर्च : टायर 26 हजार, बॅटरी 8 हजार, ब्रेक 21 हजार, एसी 17 हजार, हीटर प्लग आणि इंजेक्टर 24 हजार. सर्वांत मोठा आकडा रबराचा, 48 हजार. रबर एवढे कुठून आले? या गाडीच्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच-पाच दांड्या आहेत. त्यांच्यामुळेच ती खड्ड्यातूनही पाळण्यासारखी जाते. त्या दांड्यांच्या टोकांना रबरी बुश, इंजिनाखाली रबर, आणि इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याच्या जोडातही रबराची चकती. रबर गाडी चालली तर झिजते आणि उभी राहिली तर सुकते, तडकते. "गाडी कमी चालली आहे" असे सांगून कोणी भाव वाढवत असेल तर हे लक्षात ठेवा. चोवीस वर्षांचे रबर चोवीस वर्षांचेच असते. बेरीज झाली एक लाख 44 हजार.

इथवर चूक पैशाची होती. पुढची चूक आमच्या अडाणीपणाची, आणि ती सांगायची लाज वाटते.

मे 2021. ऊन 45 अंशांवर. रेडिएटरमधले पाणी कमी झाले म्हणून आम्ही विहिरीच्या बोअरचे पाणी ओतले. ट्रॅक्टरला वर्षानुवर्षे तेच ओततो, तसेच हिलाही. आमच्या बोअरचे पाणी किती जड आहे हे चहाच्या भांड्याच्या बुडाला बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून घरातल्या बायांना ठाऊक आहे, आम्हालाच नव्हते. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे. ते गंजू नये म्हणून पाण्यात कूलंट लागतेच, आणि इंजिन एकदा फार तापले की असले हेड वाकते. लग्नाला निघालो होतो. काटा वर चढलेला दिसत होता, तरी पुढच्या गावापर्यंत नेऊ म्हणून आणखी सहा किलोमीटर रेटली. हेड गॅस्केट गेले. पाणी तेलात उतरले आणि तेल ताकासारखे झाले.

शहरातल्या एका गॅरेजने गाडी न उघडता सांगितले, नवे हेड घाला, एक लाख ऐंशी हजार. गाडी दोराने ओढून तालुक्याला आणली. तिथे ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. त्याने हेड उतरवले, धुतले, वर सरळपट्टी ठेवली आणि पट्टीखाली फिलर गेज सरकवून किती वाकले ते मोजले. मग लेथवाल्याकडे पाठवून तडा आहे का ते दाब देऊन तपासून घेतले. तडा नव्हता. फेसिंग झाले, नवे गॅस्केट पडले, रेडिएटर बदलला. एकूण 62 हजार. आधी मोजावे, मग विकत घ्यावे, हे त्या मिस्त्रीने आम्हाला शिकवले.

पण ते 62 हजार आले कुठून? मे महिन्यात कास्तकाराच्या घरात पैसा असतो तो एकाच कामाचा, बियाण्याचा आणि खताचा. तोच आम्ही गाडीत घातला. पाऊस वेळेवर आला आणि आम्ही कृषी केंद्राच्या दारात उधारीसाठी उभे राहिलो. उधारी मिळेपर्यंत चार एकरांची पेरणी बारा दिवस मागे पडली. कोरडवाहूत बारा दिवस म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आईने रागावून काही म्हटले नाही. एवढेच म्हणाली, "कामाचा बैल आजारी पडला म्हणून पेरणी अडलेली पाहिली होती. बिनकामाच्या बैलापायी अडलेली पहिल्यांदाच पाहिली."

त्या रात्री गाडी विकायची असे ठरले होते. भाव आला 70 हजार. मग तिघे बसलो आणि वेगळा निर्णय घेतला. गाडीचे वेगळे खाते काढले. महिन्याला तीन हजार त्यात पडतात. दुरुस्ती त्यातूनच होते, आणि खात्यात पैसा नसेल तर गाडी जागची हलत नाही. बियाण्याचा, खताचा, दवाखान्याचा आणि शाळेचा पैसा तिला शिवायचा नाही. दुसरे, हाताने होईल ते काम आम्ही शिकलो. तेल आणि फिल्टर बदलणे, ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी बदलणे (ते हवेतली ओल शोषते आणि मग ब्रेक दगा देतो), कूलंट मोजून घालणे. तिसरे, गाडी कडब्याच्या गंजीशेजारी ठेवणे बंद केले. तिथल्या उंदरांनी एकदा वायरिंग कुरतडले होते. तेव्हापासून पेरणी अडली नाही, आणि गाडीही चालू आहे.

आता त्या मोबाइलवाल्या पोराच्या दिल्लीच्या गाडीकडे येऊ. दिल्लीच्या परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर 2015 मध्ये हरित लवादाने बंदी घातली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तिथे चालवता येत नाहीत म्हणून या गाड्या पडेल भावाने बाहेर येऊ लागल्या. 2025 मध्ये न्यायालयाने त्यात काही ढील दिली, तरी विकणारे विकतच आहेत. ती गाडी इकडे आणायची तर तिथले ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि आपल्या राज्याचा कर वेगळा भरावा लागतो. 15 वर्षे झाली की फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. फेरनोंदणीची फी पूर्वी 600 रुपये होती, एप्रिल 2022 पासून ती 5 हजार झाली, आणि 20 वर्षांवरच्या गाडीला 2025 पासून 10 हजार.

आणि "हिच्यापेक्षा नवी" म्हणजे अधिक चांगली, असेही नाही. आमच्या गाडीला पाना चालतो. तिच्यानंतरच्या कित्येक मोठ्या गाड्यांत स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे आणि कॉम्प्रेसर आले. याच कंपनीने 2002 च्या सुमारास ई-क्लासमध्ये विजेवर चालणारा ब्रेक आणला. ब्रेक किती वेळा दाबला याची मोजणी त्या यंत्रात होते, आणि ठरावीक आकडा गाठला की ते बदला असा इशारा येतो. 2004 आणि 2005 मध्ये या ब्रेकसाठी कंपनीला लाखो गाड्या तपासणीला परत बोलवाव्या लागल्या, आणि 2006 मध्ये ती पुन्हा साध्या ब्रेकवर आली. अशी गाडी आपल्या तालुक्यात बंद पडली तर आमचा मिस्त्री तिला काय करणार? ज्या वस्तूची दुरुस्ती आपल्या टप्प्यात नाही ती आपण विकत घेतली तरी आपली होत नाही.

म्हणून घेणाऱ्याने घेण्याआधी एवढे करावे. सकाळी, इंजिन थंड असताना जाऊन गाडी चालू करून पाहावी. आपला मिस्त्री सोबत न्यावा आणि गाडी वर उचलून खालचे रबर पाहावे. चार मुख्य भागांचे भाव आधी दुकानात विचारावेत. कागद परिवहन कार्यालयात दाखवावेत. आणि जेवढ्याला गाडी, तेवढेच पैसे बाजूला काढून ठेवावेत. ते नसतील तर गाडी परवडत नाही असे समजावे, मग ती फुकट का मिळेना.

2019 पासून 2025 अखेर आमचा दुरुस्तीचा आकडा चार लाख 30 हजारांवर गेला आहे. कोंबडी चार आण्याची धरली तर मसाला आठ आण्यांच्या पुढे गेला. बारा आणे व्हायला वेळ आहे, पण होतील.

गाडी आजही लिंबाखाली उभी आहे. बैठक संपल्यावर बॉनेट उघडून ठेवतो, वही सीटवर असेल. मागच्या वेळचा तो पोरगा आला असेल तर त्याने आधी वही वाचावी आणि मग दार लावून आवाज ऐकावा.