घाटात इंजिन बसलं तर

खोपोलीहून लोणावळ्याकडे बोरघाट चढताना गाडीच्या इंजिनाचा कस लागतो. कूलंट कमी असेल, तर तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकतो. तरीही गाडी रेटली, तर हेड गॅस्केट उडतं, पिस्टन जाम होतात आणि इंजिनच बदलायची पाळी येते.

१९८३मध्ये आलेल्या मारुती ८००सारख्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि ताकद पुढच्या चाकांना मिळते. गिअरबॉक्स इंजिनालाच जोडलेला असतो. म्हणून इंजिन उतरवताना मेकॅनिक आधी बॅटरी सोडवतो, कूलंट आणि गिअर ऑइल काढतो, मग दोन्ही बाजूंचे आक्सल ओढून घेतो. चेनपुलीने वजन पेललं, की मगच माउंटिंगचे बोल्ट सुटतात. इंजिन बाहेर असतानाच क्लचप्लेट आणि मागचं ऑइल सील बदलून घ्या; पुढे त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. रेडिएटरही साफ करा, नाहीतर दुसरं इंजिनही त्याच वाटेनं जाईल.

वापरलेलं इंजिन घेताना त्याचा नंबर आणि कागदपत्रं तपासा. बदललेला नंबर आरसी बुकावर चढवावा लागतो. लोणावळ्यासह मावळातल्या एमएच-१४ गाड्यांसाठी या कामाचं कार्यालय म्हणजे पिंपरी-चिंचवड आरटीओ. विमा कंपनीलाही कळवा.

आणि घाटात काटा चढू लागला, तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र थंड झाल्याशिवाय उघडू नका.